हांबुर्गचा टेम्पो, डोणज्याचा मालक

रविवारी संध्याकाळी खडकवासल्यात राहणाऱ्या माणसाने घराबाहेर पडू नये, असा आमच्या घरात अलिखित नियम आहे. सिंहगड उतरून आलेले, पानशेतहून परतणारे आणि नुसतेच धरणाचे पाणी पाहायला आलेले अशा तिन्ही गर्द्या एकाच वेळी रस्त्यावर येतात आणि मग तासभर कोणीच हलत नाही. गेल्या पावसाळ्यात हा नियम मोडून मी भाजलेल्या कणसाच्या मोहाने बाहेर पडलो. कणीसवालीच्या शेगडीपुढे एक लांबलचक जर्मन मोटार उभी होती. विजेवर चालणारी, म्हणून नंबरप्लेट हिरवी. मालक काच खाली करून कणसाला लिंबू जास्त लावायला सांगत होते. त्यांच्यामागे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो अडकला होता. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला नाही. खिडकीतून मान काढून त्याने मलाच हाक मारली, "काका, बरं आहे ना?"

हा डोणज्याचा मुलगा. याच्या वडिलांना मी ओळखत होतो. ती ओळख कशी झाली ते पुढे सांगतो.

गर्दी सुटेपर्यंत आमच्या गप्पा झाल्या. त्याने नवा टेम्पो घेतला होता, डिझेलचा, दहा लाखांच्या घरातला. "काका, पासिंगलाच सत्तर हजार गेले," तो म्हणाला. मग पुढच्या मोटारीकडे हनुवटी करून त्याने विचारले, "तिला किती पडला असेल टॅक्स?"

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली आहेत. आकडा मला ठाऊक होता. "तुझा सात टक्के आहे ना, तो तिला शून्य," मी सांगितले. तो हसला. मी चेष्टा करतोय असे त्याला वाटले.

ती चेष्टा नव्हती. १० मार्च २०२५ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या सात टक्के कर एकरकमी भरावा, असे त्यात ठरले. पूर्वी हा कर वजनावर असे आणि तुलनेने किरकोळ असे. त्याच अर्थसंकल्पात तीस लाखांपेक्षा महाग असलेल्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कराचा प्रस्ताव होता. त्यातला महाग मोटारींचा कर मागे घेत असल्याचे त्याच महिन्यात विधिमंडळात जाहीर झाले. टेम्पोचा कर राहिला. जीएसटीचे असेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीवरचा दर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण विजेच्या वाहनाला तो पाच टक्केच आहे, मग ते वाहन कोटीचे का असेना.

पर्यावरणाचा मुद्दा मला मान्य आहे. सिंहगड रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या माणसाला धुराबद्दल कोणी शिकवायला नको. विजेचा टेम्पो घेतला तर यालाही रस्त्याचा कर माफ आहे आणि जीएसटी पाचच टक्के आहे, हेही सांगितले पाहिजे. प्रश्न असा आहे की माफी कोणाच्या हाती लागेल अशा बेताने ती दिली जाते. हा प्रश्न मला पडला त्याचे कारण टेम्पो नावाच्या वाहनाचा जन्मच मुळी एका करमाफीतून झालेला आहे. तो जन्मही जर्मनीतला.

आपण 'टेम्पो' हा शब्द इतका आपला करून टाकला आहे, की ते एका कंपनीचे नाव होते हे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. हांबुर्ग या बंदराच्या शहरात ऑस्कर व्हिडाल यांनी १९२४ साली 'व्हिडाल अँड सोहन' ही कंपनी काढली. सोहन म्हणजे मुलगा. आपल्याकडच्या 'आणि सन्स'चाच प्रकार. जर्मनी तेव्हा पहिल्या महायुद्धातून आणि पाठोपाठच्या भयंकर चलनवाढीतून बाहेर पडत होती. किराणावाला, बेकरीवाला, भाजीवाला यांच्याजवळ ट्रक घेण्याइतके पैसे नव्हते. १९२८ साली तिथे एक नियम झाला : चारपेक्षा कमी चाके आणि दोनशे सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाडीला ना कर, ना चालकाचा परवाना. झाले! तीन चाकांच्या मालगाड्यांची पैदास सुरू झाली आणि त्यात व्हिडालची 'टेम्पो' आघाडीवर राहिली. तीन चाके काही कोणा इंजिनिअरच्या लहरीतून आली नव्हती. चौथे चाक लावले की कर लागत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, याच कंपनीने 'हॅन्सीट' नावाची तीनचाकी आणि 'मेटॅडोर' नावाची चारचाकी व्हॅन काढली. ही दोन्ही नावे वाचून पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आपल्या गल्लीतली गाडी आठवली असेल. ती तिकडून इकडे आली ती नवलमल फिरोदिया यांच्यामुळे. नगरचे हे वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा जावी आणि तिच्या जागी ऑटोरिक्षा यावी, म्हणून स्वातंत्र्यानंतर लगेच धडपड करणाऱ्यांतले ते एक. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली. गोरेगावला सुरुवात झाली आणि १९६४ च्या सुमारास कारखाना आकुर्डीला आला. पुढे बजाज आणि फिरोदिया यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ती कहाणी मोठी आहे आणि कोर्टकचेऱ्यांची आहे. ती इथे नको.

गंमत अशी की, हांबुर्गच्या कंपनीने स्वतःची हॅन्सीट १९५६ मध्येच थांबवली होती. जर्मन दुकानदाराच्या हाती पैसा आला, त्याला चार चाके परवडू लागली. १९६६ मध्ये ती कंपनी हानोमागने घेतली, हानोमागचा वाहनधंदा काही वर्षांतच डाइम्लर-बेंझकडे गेला आणि टेम्पो हे नाव तिकडून पुसले गेले. आज जर्मनीत कोणाकडे 'टेम्पो' मागाल तर तो तुम्हांला नाक पुसायचा कागदी रुमाल देईल. त्या रुमालांचेही नाव टेम्पोच! आपल्याकडे मात्र हॅन्सीट सन २००० पर्यंत बनत होती. म्हणजे जन्मभूमीत सात वर्षे आणि आपल्याकडे चार दशके.

मी १९८४ साली बँकेत लागलो. राष्ट्रीयीकरण १९६९ सालचे. पण खेड्यापाड्यांतल्या शाखांतून त्याचा खरा जोर आम्ही पाहिला तो ऐंशीच्या दशकात. कर्जमेळ्यांचे दिवस होते ते. लहान वाहतूकदार हा अग्रक्रम क्षेत्रात धरला जाई, आणि उद्दिष्ट पुरे करायचे तर टेम्पोचे कर्ज हा सर्वांत सरळ मार्ग होता. म्हशीचे कर्ज दिले तर म्हैस दाखवायला शेजाऱ्याची आणली जाई. टेम्पोला नंबर असतो, आर.सी. बुकावर बँकेचे नाव चढवता येते. त्यामुळे मॅनेजर टेम्पोवर खूश असत.

डोणज्याचा पैलवान माझ्यासमोर १९८७ साली आला. सगळे गाव त्याला पैलवान म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो. दुसऱ्याच्या टेम्पोवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. दोन जामीनदार, मार्जिनचे पैसे बायकोचे डोरले मोडून. तीनचाकी हॅन्सीट घेतली. नाक पुढे काढलेली, इंजिन त्या नाकात, पुढच्या एकाच चाकावर सगळी मदार. आवाज असा की डोणज्याहून निघाली की धरणावर कळे. गाडी शाखेपुढे आणून त्याने मला नारळ फोडायला लावला. दर्शनी पाटीवर आईचे नाव रंगवले होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'बँकेकडे तारण'. पेंटरने 'तारण'च्या जागी 'तरण' लिहिले होते. पैलवान म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब, तरलो तर बरंच."

त्या गाडीने काय वाहिले नाही? पहाटे दूध आणि भाजी मार्केट यार्डात. परतताना पेंड, सिमेंट, पत्रे. लग्नसराईत मागे सतरंजी अंथरून वऱ्हाड. अनंत चतुर्दशीला गणपती. कोणाचे बाळंतपण अडले तर रात्री दोन वाजता गादीसकट ती बाई ससूनला. माझे स्वतःचे बिऱ्हाड सदाशिव पेठेतून खडकवासल्याला आले ते याच गाडीतून. कपाटाच्या आणि शिवणयंत्राच्या मध्ये माझी आई खुर्चीवर बसून आली आणि सिंहगड रस्ताभर "हळू रे" म्हणत राहिली. जर्मन इंजिनिअरिंगचा अनुभव विचारला तर आमच्या पिढीतल्या बहुसंख्यांचा अनुभव हा असा आहे.

पैलवान पहिली पाच वर्षे हप्त्याला चुकला नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात बहिणीचे लग्न आणि इंजिनचे काम एकदमच निघाले. गाडी दोन महिने गॅरेजला, भाडी दुसऱ्याकडे गेली. एरवी आम्ही सांभाळून घेतले असते. पण नरसिंहम समितीनंतर, १९९२-९३ पासून, थकलेली कर्जे वेगळी काढून दाखवायचे नवे नियम आले होते आणि वरून रोज फोन येत. नियम चुकीचे नव्हते. बँकांचे ताळेबंद खोटे बोलत होते, हे मी आतून पाहिलेले आहे. पण ज्यांनी कोटी बुडवले त्यांना ते नियम लावायला वकील लागत आणि वर्षे लागत. पैलवानाला लावायला एक अधिकारी आणि एक शिपाई पुरला. तो अधिकारी मी.

१९९४ च्या श्रावणात आम्ही डोणज्याला गेलो. भांडण होईल अशी माझी तयारी होती. पैलवानाने खंडोबाची तसबीर काढून घेतली, सीटखालचे पोराचे दप्तर काढले आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "सायेब, बॅटरीची वायर सोडून ठिवा. न्हाईतर उतरंल." मी ते करायला विसरलो. शाखेमागच्या आवारात ती गाडी सात महिने पावसात उभी राहिली आणि लिलावात भंगाराच्या भावाने गेली. बाकी राहिलेले कर्ज आम्ही निर्लेखित केले. वसुली अशी काही झालीच नाही. एका चालू धंद्याचे आम्ही भंगार केले. त्या वर्षी आमच्या शाखेचे थकीत प्रमाण कमी दिसले आणि मला प्रशस्तिपत्र मिळाले.

पैलवान पुन्हा ड्रायव्हर झाला, दुसऱ्याच्या गाडीवर. नोकरीच्या शेवटापर्यंत माझ्यासमोर टेम्पोचे कर्ज आले की मी जरा जास्त वेळ घेत असे, एवढाच काय तो परिणाम.

२००५ साली बजाज टेम्पोचे नाव बदलून 'फोर्स मोटर्स' झाले. त्याच वर्षी टाटांचा 'एस', म्हणजे लोकांच्या तोंडचा 'छोटा हत्ती', बाजारात आला आणि तीनचाकीची जागा चारचाकीने घेतली. लोक त्यालाही टेम्पोच म्हणतात. २००९ साली चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने उभे राहिले. मर्सिडीजसाठी चाकणमध्ये इंजिने जुळवण्याचे काम आज ही जुनी टेम्पोची कंपनी करते. टेम्पो बनवणारे हात आणि मर्सिडीजचे इंजिन बांधणारे हात एकाच हजेरीपटावर आले आहेत, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान वाटतो. या कारखान्यांवर हजारो घरे चालतात. जर्मन मोटारीशी माझे काही वैर नाही.

पण डोणज्याच्या मुलाचे गणित पाहा. "मग इलेक्ट्रिक का नाही घेतलास?" मी त्याला त्या रविवारी विचारले. त्याने क्रेटवर बोटाने हिशेब मांडला. विजेच्या गाडीला वित्त कंपनी पदरचे पैसे जास्त भरायला सांगते आणि मुदत कमी देते, कारण पाच वर्षांनी त्या बॅटरीला गिऱ्हाईक मिळेल की नाही याची तिला खात्री नाही. बँकेत गेला तर तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. याचा अर्धा धंदा रोखीचा. रात्री चार्जिंगला लावायची तर स्वतःची जागा हवी. हा चाळीत राहतो. मोटारवाल्या साहेबांना बंगल्याच्या गॅरेजमध्ये भिंतीवर खटका मिळतो, याला विजेच्या खांबाखाली उभे राहावे लागेल.

आणि टोल? २०२५ च्या राज्याच्या धोरणाने विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोल माफ केला. माल वाहणारी वाहने त्यातून वगळली. म्हणजे या मुलाने कर्ज काढून, जागा शोधून उद्या विजेचा टेम्पो घेतलाच, तरी वाशीला टोमॅटो नेताना तो टोल भरणार. शेजारच्या लेनमधली हिरव्या पाटीची मोटार भरणार नाही. १९२८ च्या जर्मन सरकारला जे कळले होते ते एवढेच, की लहान दुकानदाराच्या गाडीला माफी दिली तर ती गाडी रस्त्यावर येते. टेम्पोचा टोल माफ करायला आणि त्याच्या बॅटरीच्या कर्जाला हमी द्यायला आपल्याला कोणता नवा शोध लावायचा आहे?

२०२१ साली आमचे गाव महापालिकेत गेले. तेव्हापासून रस्ते रुंद होतील अशी आशा आहे. तूर्त तरी कणीसवालीकडे उभी असलेली ती मोटार हलल्याशिवाय मागचे कोणी हलू शकत नव्हते. शेवटी साहेबांनी कणीस घेतले, काच वर गेली आणि गाडी अजिबात आवाज न करता निघाली. मुलाने स्टार्टर मारला. मग काहीतरी आठवून त्याने डॅशबोर्डमधून घडी घातलेले कर्जाचे कागद काढले आणि माझ्या हातात दिले.

"काका, इंग्रजीत आहे सगळं. हप्ता चुकला तर गाडी कधी उचलतात, ते कुठं लिहिलंय ते तेवढं बघून ठेवा. मी मंगळवारी येतो."