मेल डिलीट करू नका हो!

परवा ऑफिसातल्या एका पोराने मोठ्या अभिमानाने मला त्याचा मेलबॉक्स दाखवला. रिकामा! आर्काइव्हसुद्धा रिकामं. "दर शुक्रवारी सगळं साफ करतो", म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, रद्दी काढताना घराचा सातबाराही देतोस का रद्दीवाल्याला?

इनबॉक्स रिकामा ठेवणं वेगळं आणि जुन्या मेल्स फेकून देणं वेगळं. 'क्लीनअप'चा उपदेश करणारे लोक या दोन गोष्टी बिनधास्त एक करतात.

मुळात जागा खातं कोण? साध्या मेल्स नव्हे. एक मेल 5 केबी धरली तरी लाखभर मेल्सचे 500 एमबीच होतात. जागा खातात अ‍ॅटॅचमेंट्स, आणि त्याही बेस64मुळे एक तृतीयांश फुगून. 9 एमबीची फाइल मेलमध्ये 12 एमबीची होते. मग साइझनुसार शोधून ती फॉरवर्ड केलेली पीपीटी उडवा ना, मजकुरावर राग कशाला?

माझ्या एका जुन्या कंपनीत 100 एमबीचा कोटा होता. म्हणून आम्ही सगळे पीएसटी फाइल करून डी ड्राइव्हवर टाकायचो. जुन्या पीएसटीला 2 जीबीची मर्यादा होती, हे कळलं ती फाइल उघडेनाशी झाली तेव्हा! पुढे क्लायंट म्हणाला, "हे तुम्हीच कबूल केलं होतं." केलं नव्हतं. पण दाखवणार काय? दोन शनिवार-रविवार फुकट राबलो.

"पण जीमेल आहे की!" आहे. 1 एप्रिल 2004 ला 1 जीबी देऊन आलं, तेव्हा आता डिलीट करायची गरजच नाही असं वाटलं होतं. आज फुकटचे 15 जीबी आहेत, पण ते ड्राइव्ह आणि फोटोंसकट. शिवाय डिसेंबर 2023 पासून, दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. तेव्हा टेकआउटमधून एमबॉक्स फाइल उतरवा. एमबॉक्स म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, वीस वर्षांनीही उघडेल. थंडरबर्डमध्ये घ्या, इंडेक्स होऊ द्या. (तिथे मेल उडवली तरी फोल्डर कॉम्पॅक्ट केल्याशिवाय जागा सुटत नाही, हे लक्षात ठेवा.) कमांड लाइनवाल्यांसाठी नॉटमच आहे. त्याला मात्र एका मेलची एक फाइल लागते, म्हणजे मेलडिर.

आता खरी गोची. आपली मराठी! बाबा मला 2006 मध्ये रोमन लिपीत मराठी लिहायचे. 'आहे' एकाच मेलमध्ये तीन स्पेलिंगने. घराच्या व्यवहाराचा मसुदा त्यांनी श्री-लिपीत टाइप करून पाठवला होता. युनिकोड नाही, म्हणजे 'खरेदीखत' असा शोध घेतला तर शून्य निकाल. तो मसुदा मला शेवटी कसा मिळाला? बाबांचा पत्ता आणि वर्ष टाकून, एकेक मेल उघडत. अडीच तास लागले. पण मिळाला, कारण मी काहीच उडवलं नव्हतं. आता अशी मेल दिसली की मी ती स्वतःलाच फॉरवर्ड करतो, वर देवनागरीत चार शब्द लिहून: घर, खरेदीखत, बाबा, 2006.

त्या पोराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, याची एक मेल टाका ना."