अखेरच्या प्रहराचे मजूर



आपल्या वांकिडीकडील मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरांकडे जातात आणि सुटीत घरी आली म्हणजे संगणकावरील खेळांचा विषय निघतो. अशाच एका तरुणाने विचारले, “फादर, ज्याला दिवसाकाठी तासभरच सवड मिळते, त्याने खेळाचा शेवट पाहूच नये काय?” प्रश्न खेळाचा असला तरी त्याच्या पोटी न्यायाचा मुद्दा आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ साली निघाला. देशोदेशीचे लोक तो एकत्र खेळतात. आपले पात्र पूर्ण वाढले म्हणजे अखेरच्या मोहिमा येतात. त्यांना ‘रेड’ म्हणतात. प्रारंभी मोठ्या मोहिमेस ४० जणांची तुकडी लागे. सर्वांनी ठरल्या वेळी हजर राहावे, कित्येक रात्री सराव करावा, तेव्हा कोठे शत्रू पडे. २००६ साली उघडलेला ‘नॅक्सरॅमस’ हा गड तर इतक्या थोड्यांनी पाहिला की, २००८ मध्ये निर्मात्यांनी तो १० व २५ जणांसाठी पुन्हा मांडला. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘रेड फाइंडर’ आला. त्यात एकट्याने नाव द्यावे आणि खेळानेच २५ अनोळखी जण जुळवावेत, अशी सोय झाली. शत्रू सौम्य, तसे बक्षीसही कमी प्रतीचे.

यावर जुने खेळाडू कुरकुरले, “आम्ही रात्री जागवल्या, आणि हे आयते आले!”

ही कुरकुर आपल्या ओळखीची नव्हे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आहे. पहाटे आलेल्यांना ठरलेला दिनार मिळाला. परंतु सायंकाळी आलेल्यासही तेवढाच मिळाला, म्हणून त्यांचे मन खट्टू झाले. आपल्याकडे कापसाची वेचणी किलोवर मोजतात. त्यामुळे हा हिशेब आपल्यालाही खटकतो. परंतु धन्याने पहिल्यांचे काय कमी केले? काहीच नाही. खेळात तर बिकट मोहीम आणि तिचे मोठे बक्षीस कसलेल्यांसाठी राखूनच ठेवले होते. दुसऱ्याला दार उघडले, एवढेच त्यांचे दुःख!

तथापि त्यांच्या तक्रारीत एक सत्यही आहे. चाळीस जणांना एकमेकांची गरज होती. म्हणून नवख्याला शिकविणे त्यांना भाग पडे. अनोळखी पंचवीस जण मात्र काम उरकून पांगतात, आणि जो चुकला त्यास पुष्कळदा शिव्या देऊन, मते घेऊन बाहेर काढतात. दार रुंद झाले, पण उंबरठ्यावर स्वागत करणारा कोणी उरला नाही.

आपल्या धर्मग्रामातही हे घडू शकते. गायकवृंदात नवा आवाज बेसूर लागला की जुने गायक नाक मुरडतात. शेतमजुरीमुळे सरावास न येणारी भगिनी मागच्या बाकावरच राहते. दार उघडणे हे अर्धे काम होय. हात धरून आत नेणे हे उरलेले अर्धे.

मुलांनो, खेळा, परंतु अभ्यास, झोप आणि घरची माळेची प्रार्थना यांच्या वेळेवर घाला घालू नका. आणि वडीलधाऱ्यांनो, उशिरा आलेल्याकडे पाहून कपाळाला आठी पडू देऊ नका. देवाच्या मळ्यात आपण कोणत्या प्रहरी पोहोचलो, हे धन्यावाचून कोणास ठाऊक?