टोफू, दाण्याचा रस्सा आणि आमच्या गोठ्यातलं रेडकू



मागच्या महिन्यात पुण्याहून लेक आली होती. दोन वर्षं झाली, तिने दूध, दही, तूप सगळं सोडलंय. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "आई, माझा कोराच ठेव." शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "हे काय नवीन खूळ? आपल्यात दूध चालतं की!" मी काहीच बोलले नाही. लेकीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कप घेऊन आत गेली. ते माझं गप्प बसणं अजून टोचतंय, म्हणून आज लिहायला बसले.

खूळ म्हणायचं तर मग आपल्या रसत्यागाला काय म्हणायचं? दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ हे सहा रस. त्यातले तीन दुधाचेच. माझ्या सासूबाई चातुर्मासात दूध सोडायच्या, तेव्हा कुणी त्यांना खुळ्या म्हटलं नाही, उलट पाया पडायचे. लेकीने तेच बारा महिने केलं आणि त्याला इंग्रजी नाव दिलं, एवढाच तिचा गुन्हा.

आणि आपण जे दूध पितो ते तरी आपल्या मर्यादेतलं असतं का? धार काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत दूध तापवलं पाहिजे, हे आपल्याला लहानपणापासून ऐकून पाठ आहे. पिशवीतलं दूध कधी काढलं, कुठे काढलं, किती गावांचं एकत्र झालं, हे कुणाला माहीत? पीठ पावसाळ्यात तीन दिवसांवर गेलं की आपण टाकून देतो, आणि पिशवीचं दूध मात्र निमूटपणे तापवतो. मीही तापवते. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच विचारतेय.

माझं माहेर शिरोळकडचं. गोठ्यात दोन म्हशी होत्या. मी सातवी-आठवीत असेन. एक म्हैस व्याली, रेडकू झालं, नर. मी त्याच्या कपाळावरून हात फिरवून शाळेत जायची. एक दिवस परत आले तर खुंटा मोकळा. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "दिला एकाला." कुणाला, ते मी विचारलं नाही. म्हैस दोन दिवस हंबरत होती आणि आई तिसऱ्या दिवशी नेहमीसारखं दही लावत होती. आप्पा वाईट नव्हते. पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी पुन्हा विहिरीत सोडणारे होते ते. पण नर रेडकाला पोसणं परवडत नाही, हा हिशेब तेव्हाही होता आणि आजही आहे. लेकीने तेवढाच प्रश्न विचारलाय. (देवळातल्या अभिषेकाचा विषय इथे काढत नाही, तो एका लेखात मावणारा नाही.)

आता माझी लेकीशी तक्रार सांगते. ती जे आणते ते महाग. बदामाच्या दुधाचा डबा, टोफूचं दोनशे ग्रॅमचं पाकीट शंभराच्या पुढे. शिवाय पाकिटातलं ते पाण्यात किती दिवस बुडालेलं असतं कोण जाणे. आपल्या शोधाच्या स्वयंपाकात बसत नाही. अहिंसा काय फक्त पगारवाल्यांनी पाळायची? म्हटलं, घरी करून बघू. सोयाबीन तर आपल्या सांगली-कोल्हापूरच्या रानात पिकतं, आणि आपण त्याचं नुसतं तेल खातो.

पाव किलो सोयाबीन निवडून सकाळी सहाला गाळलेल्या कडक पाण्यात भिजत घातलं. रात्रभर ठेवायची गरज नाही, गरम पाण्यात पाच-सहा तासांत दाणा फुगतो. दोन बोटांत दाबला की मधून सरळ फुटला पाहिजे. हाताने चोळून सालं काढली. वाटताना मिक्सरमध्ये गरमच पाणी घाला, उग्र वास बराच कमी होतो. गार पाण्यात वाटलेलं माझं पहिलं दूध ह्यांनी नाकाला लावून खाली ठेवलं होतं. एकूण दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं. पातळ फडक्यातून पिळून घ्या आणि मोठ्या पातेल्यात उकळा. पातेलं खरंच मोठं घ्या, कारण हे दूध गाईच्या दुधापेक्षा जास्त उतू जातं. उकळी आल्यावर बारीक गॅसवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहा; कच्चं सोयाबीन पचत नाही.

गॅस बंद केला की तीन लिंबांचा रस अर्धी वाटी कोमट पाण्यात मिसळून थोडा थोडा सोडायचा. व्हिनेगर नको, ते आंबवलेलं. घाईने ढवळलं तर रवाळ होतं, म्हणून एक-दोनदाच पळी फिरवा आणि झाकून ठेवा. पाव तासात पिवळसर पाणी वेगळं दिसतं. मग फडक्यात बांधून वर वरवंटा, अर्धा-पाऊण तास. माझ्या हातून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वडी निघते. त्याच दिवशी संपवायची.

रस्सा दाण्यांचा. इंडोनेशियात टोफूबरोबर दाण्याचीच चटणी खातात, पण त्यात लसूण, कांदा, सोया सॉस असतो, तिघंही आपल्याला वर्ज्य. मी दीडशे ग्रॅम दाणे खमंग भाजून, सोलून, तेल सुटेपर्यंत वाटले. त्यात गरम पाण्यात भिजवलेल्या चार ब्याडगी मिरच्या, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, चिमूटभर सुंठ. तेलात जिरं-हिंग, त्यावर हे वाटण आणि दीड वाटी पाणी. कडेने तेल दिसलं की टोफूचे तव्यावर लालसर परतलेले तुकडे सोडायचे. दह्याचा थेंब नाही, तेव्हा द्विदळाचाही प्रश्न नाही.

दरवेळी कुणीतरी विचारतंच, शेंगदाणा जमिनीखालचा, मग चालतो कसा? फूल वर येतं, त्याची आरी खाली मातीत शिरते आणि तिथे शेंग धरते. म्हणजे ते फळ आहे, मूळ नव्हे. तरीही ज्यांच्या घरी नियम आहे त्यांनी तीळ वाटावेत, चव वेगळी पण छान लागते.

बी. कॉम.ची सवय जात नाही, म्हणून हिशेब: सोयाबीन २० रुपये, लिंबं १२, दाणे २१, चिंच-गूळ-मिरची-तेल १५, गॅस १०. एकूण ७८ रुपयांत चार माणसं पोटभर. आमच्या डेअरीत साडेतीनशे ग्रॅम पनीरचेच १४० होतात, रस्सा वेगळा. वेळ मात्र जातो, ते खोटं बोलणार नाही.

आणि एक, लेकीसुनांनो: दूध सोडाल तर बी-१२ची रक्तातली तपासणी करा, ते धान्य-कडधान्यातून मिळत नाही. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोजच्या खाण्यात असू द्या. लिंबाने केलेल्या टोफूवर त्यासाठी विसंबू नका.

गेल्या रविवारी साडेपाचला काकूंना वाटीभर रस्सा नेऊन दिला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "काकू, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. माझी लेक बरोबर आहे." त्यांनी वाटी घेतली, बोलल्या नाहीत. वाटी दुसऱ्या दिवशी परत आली, रिकामी नव्हे, शेवया घालून. दुधातल्या नव्हे, गूळ-नारळाच्या रसातल्या.

माझं दूध गुरुवारचं सुटलंय. तुपाचं अजून जमलेलं नाही.

चोथा टाकू नका बरं का. ज्वारीच्या पिठात, तीळ-ओवा घालून त्याची थालीपिठं होतात.