मोफत उपचारांचे मोल

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे शुल्क घेतले जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत नोंदणी, तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. महानगरपालिकांची व वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयाच्या कक्षेत येत नाहीत. तरीही गोरगरिबांना दिलासा देणारे हे पाऊल आहे, यात शंका नाही. परंतु रुग्णाला जे मोफत मिळते, त्याचे पैसे कोणीतरी भरतच असतो. ते कोणी, केव्हा आणि किती भरायचे याचे उत्तर दिल्याशिवाय जाहीर केलेला हक्क कागदावरच राहण्याची भीती असते.

हा विचार आपल्या देशाला नवा नाही. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. केवळ पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय उपचारांना मुकू नये, हे त्या अहवालाचे मूलतत्त्व होते. पुढे १९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात वैद्यकीय उपचारांची गणना मानवाच्या मूलभूत हक्कांत केली. १९९२ साली पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दाखल करून घेण्यास नकार दिला आणि अखेर खाजगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने त्याला उपचार घ्यावे लागले. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध निवाडा दिला. वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांच्या टंचाईचे कारण पुढे करून शासनाला हे कर्तव्य टाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

येथे दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याने जखमी वाटसरूला उतारशाळेत नेले, तेव्हा तेथील रक्षकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो भागवीन असे सांगितले. जखमी माणसाला काहीच द्यावे लागले नाही. उतारशाळेच्या रक्षकालाही पदरमोड करावी लागली नाही. करुणेबरोबर हिशेबही चोख होता. आपल्या आरोग्यव्यवस्थेत नेमका हाच दुवा वारंवार निखळतो.

राजस्थानचे उदाहरण पाहा. मार्च २०२३ मध्ये तेथील विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. परंतु आणीबाणीच्या प्रसंगी खाजगी रुग्णालयांनी केलेल्या उपचारांची भरपाई कशी मिळणार, या प्रश्नावर खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. हक्काची घोषणा आधी आणि दिनारांचा विचार मागाहून झाला, की असा संघर्ष अटळ होतो.

सरकारी खर्चाचे आकडेही बोलके आहेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही प्रगती निश्चितच लक्षणीय आहे. मात्र त्या वर्षी सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. ही तफावत शेवटी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पोहोचते. केसपेपर मोफत मिळतो, पण औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानात न्यावी लागते. यंत्र असते, पण ते चालविणारा तंत्रज्ञ नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तथापि ते ठराविक उपचारांसाठी आणि योजनेशी संलग्न रुग्णालयांतच मिळते. मधुमेहाच्या रुग्णाला दरमहा लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च त्यातून भागत नाही.

तिसरा आधार धर्मादाय रुग्णालयांचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. त्यासाठी इतर रुग्णांच्या देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असल्यास निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असल्यास दुर्बल घटक, असे निकष आहेत. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता रुग्णाला दाखल करून घेणे बंधनकारक आहे. मार्च २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवती महिलेकडे मोठी अनामत रक्कम मागितली, असा आरोप झाला. पुढे अन्यत्र प्रसूतीनंतर तिचा मृत्यू झाला आणि साऱ्या राज्यात संताप उसळला. नियम कागदावर वीस वर्षे असूनही दारात आलेल्या माणसाला त्याचा आधार वाटत नाही, हे या संतापाचे मूळ होते.

आपल्या धर्मसंघांच्या व संस्थांच्या धर्मादाय रुग्णालयांनीही हा आरसा स्वतःसमोर धरावयास हवा. मोफत खाटांचा फलक दर्शनी भागात आहे काय? गरिबाला त्याचा हक्क मागण्यापूर्वीच कोणी सांगतो काय? त्याचबरोबर सेवेच्या नावाखाली परिचारिकांना तुटपुंजे वेतन देऊन मोफत उपचारांचा खर्च भागविणे हेही न्याय्य नाही. तो भार मग एका गरिबाकडून काढून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकल्यासारखा होतो.

सरकारी उपचार घेणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. साबणाच्या वडीवरही जो वस्तू व सेवा कर भरतो, तो मासेमार किंवा शेतमजूर आपला वाटा आधीच देऊन चुकलेला असतो. निरोगी असताना सर्वांनी मिळून भरावे आणि आजारपणात ज्याला गरज असेल त्याला मिळावे, हाच या व्यवस्थेचा पाया आहे.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामात दोन गोष्टी सहज करता येतील. आपल्या परिसरातील धर्मादाय रुग्णालयांची यादी जवळ ठेवून, गरजू कुटुंबांना शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळीच काढण्यास मदत करावी. आजारी माणूस दाराशी आल्यावर दाखल्यासाठी धावपळ करणे फार उशिराचे ठरते. आणि मते मागण्यास येणाऱ्या उमेदवाराने मोफत उपचारांचे आश्वासन दिले, तर त्याला एवढेच विचारावे, “अर्थसंकल्पात यासाठी किती रक्कम ठेवणार?” त्या प्रश्नाचे उत्तर जो देईल, त्याच्या आश्वासनात दोन दिनार आहेत असे समजावे.