पाण्यात काय बुडतं?



दांडेलीहून अंबिकानगरकडे निघालं की वाटेत कुळगी लागतं. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे हे छोटं गाव पर्यटकांना ठाऊक झालं. पण या मुलखाची खरी ओळख म्हणजे काळी नदी. जोयडा तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावून ती सुमारे १८४ किलोमीटर वाहते आणि कारवारला समुद्राला मिळते. राफ्टिंगला येणाऱ्यांना ती खळाळती, हसरी वाटते. इथल्या जुन्या माणसांना तिचं दुसरं रूपही माहीत आहे. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि सुपा हे तालुक्याचं गाव पाण्याखाली गेलं. धरणग्रस्तांना रामनगरला वसवलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. त्याच नदीवरच्या वीजघरांतून आज दूरदूरच्या शहरांत दिवे लागतात. दिवा लावणारं पाणी आणि गाव गिळणारं पाणी एकच.

यावेळच्या लेखाचा विषय आहे ख्रिस्ती श्रद्धेतलं पाणी. सुरुवात सुप्यापासून केली, कारण त्या श्रद्धेतही पाण्याला अशीच दोन रूपं आहेत.

आपल्याला वाटतं, बाप्तिस्मा म्हणजे स्नान. नदीत बुडी मारली, मळ गेला, पाप गेलं. तीर्थस्नानाची सवय असलेल्या आपल्या मनाला ही कल्पना लगेच पटते. ती चूकही नाही. बायबलमध्ये धुऊन निघण्याची भाषा आहेच. पण संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात वेगळंच सांगतो. त्याच्या मते बाप्तिस्मा म्हणजे मरण आणि दफन. पाण्याखाली जायचं ते ख्रिस्ताबरोबर पुरलं जाण्यासाठी, आणि वर यायचं ते नव्या जीवनात. नोहाच्या गोष्टीत जे पाणी जग बुडवतं, तेच तारू उचलून धरतं. तांबड्या समुद्रातून इस्राएल लोक पार होतात आणि पाठलाग करणारी फौज तिथंच बुडते. अनेक जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं कुंड अष्टकोनी असतं. ख्रिस्ताचं पुनरुत्थान आठवड्याच्या सात दिवसांपलीकडच्या आठव्या, म्हणजे नव्या दिवशी झालं, असा त्यामागचा अर्थ. थोडक्यात, हे पाणी नुसतं धूत नाही, ते आधी बुडवतं.

मग ते पाणी कुठलं हवं? यार्देन नदीचंच का? ‘दिदाखे’ नावाची फार जुनी, ख्रिस्ती मंडळीच्या सुरुवातीच्या काळातली एक पुस्तिका आहे. तिचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. वाहतं पाणी मिळालं तर उत्तम. नसेल तर दुसरं चालेल. थंड जमत नसेल तर कोमट घ्या. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. कुठलीही एक नदी पवित्र आणि बाकीच्या कमी, असं नाही. कुळगीच्या बोअरवेलचं पाणीही तितकंच चालेल. महत्त्व त्या पाण्यात काय बुडतं याला आहे.

आणि काय बुडायला हवं, हेही पौलानंच सांगून ठेवलंय. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ज्यांचा ख्रिस्तात बाप्तिस्मा झाला, त्यांच्यात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. म्हणजे बुडायचा आहे तो मी वरचा, तू खालचा हा हिशेब.

इथं मराठी माणसाला एक शब्द हमखास आठवतो: ‘हातचं पाणी’. कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, यावर आपला समाज शतकानुशतकं विभागला गेला. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं सगळं गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत सांगोवांगी चालत आलीय. तिच्यात धर्मांतर घडवतं ते प्रवचन नव्हे, विहिरीचं पाणी! कुळगीहून फार लांब नसलेल्या बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे ते हेच. त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या माथ्यावर पडायचं ते ओंजळभर पाणी, पण त्यानंतर घरच्या घागरीला हात लावायची मुभा बहुतेकांना उरत नसे.

योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट म्हणूनच आपल्याला परकी वाटू नये. भर दुपार, याकोबाची विहीर. थकलेला येशू काठावर बसलाय, जवळ पोहरा नाही. पाण्याला आलेल्या बाईकडे तो प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. पुढे तो तिला ‘जिवंत पाण्या’बद्दल सांगतो. त्या काळच्या बोलीत जिवंत पाणी म्हणजे वाहतं पाणी, झऱ्याचं. तिला आधी तेवढंच कळतं. तो मात्र आत्म्याची तहान भागवणाऱ्या पाण्याबद्दल बोलत असतो. पण क्रम पाहा. जिवंत पाणी देण्याआधी त्यानं साधं पाणी मागितलं, तेही जिच्या हातचं चालत नव्हतं तिच्याकडे. पुढे तो त्या गावात दोन दिवस राहिला. दोन दिवस त्यांच्याच घरचं अन्न आणि त्यांच्याच घरचं पाणी, हे वेगळं सांगायला नको.

लक्ष्मीबाई टिळकांचं चरित्र या गोष्टीच्या शेजारी ठेवून वाचावं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याजवळ राहायला आल्या तरी त्यांनी आपलं सोवळं आणि पाणी वेगळं ठेवलं होतं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येतं की त्यांच्या मनातलं ‘हातचं पाणी’ त्याआधीच बुडालं होतं. विधीचं पाणी नंतर आलं.

सगळीकडे तसं झालं नाही, हेही सांगायला हवं. भारतातल्या काही चर्चमध्ये बाप्तिस्म्यानंतरही बसायच्या जागा वेगळ्या राहिल्या, काही ठिकाणी तर दफनभूमीसुद्धा. माथा ओला झाला, हिशेब कोरडाच राहिला. हा दोष एकट्या ख्रिस्ती समाजाचा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळभर पाणी प्यायले, त्यानंतर ते तळं गोमूत्रानं ‘शुद्ध’ करणारे लोकही आपलेच होते. पाण्याला पवित्र मानणं आपल्याला सोपं जातं. पाणी वाटून पिणं जड जातं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू थंड पाण्याच्या एका पेल्याबद्दल बोलतो. लहानातल्या लहानाला दिलेला तो पेला वाया जात नाही, असा त्याचा शब्द आहे. त्याच शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाच्या वेळी हेही पाहिलं जातं की तहानेलेल्याला पाणी दिलंत का. कुठल्या नदीत बुडी मारली होती, असं कुणी विचारत नाही.

आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा, कुरिअर घेऊन दुपारच्या उन्हात दारात उभ्या असलेल्या मुलाचा पेला आपल्या पेल्यांतच विसळला जातो का? ज्या घरात वेगळा पेला आहे, तिथं तो बाजूला काढून टाकायला कुठलाही धर्म बदलावा लागत नाही.