वेळापत्रक कोणास बंधनकारक?

मुहूर्तावर निघणे न जमल्यास गाठोडे शेजाऱ्याकडे नेऊन ‘प्रस्थान ठेवण्याची’ सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेविली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली आणि ती सोय संपली. गाडी सावकाराकरिताही थांबेना. ही शिस्त इष्टच होय. परंतु वेळापत्रक हा करार आहे; तो उतारूस बंधनकारक व रेल्वेस ऐच्छिक, हा कोठला न्याय? उतारू दोन मिनिटे चुकला तर तिकीट बुडते. गाडी चार तास रखडली तर त्याच्या पदरी नुसती दिलगिरी! विलंबाचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध करावे, नाही तर भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला आहे. हक्क मिळाला, तो बजावणार कोण? ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्यास तरी कोणी मुहूर्त शोधीत बसू नये.