घराचा मध्यस्थ कोण असावा?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. वाडवडिलांचें घर विकून पाहावें, असें मात्र कोणी म्हटलेलें आमच्या ऐकण्यांत नाहीं; आणि तरीही पुण्यासारख्या शहरांत ही पाळी पुष्कळ घरांवर येते. वाडा जीर्ण होतो, भावंडें पांगतात, मुलें परदेशीं स्थायिक होतात आणि जिना चढणें वडीलधाऱ्यांस झेपेनासें होतें. अशा वेळीं हें काम कोणाच्या हातीं सोंपवावें, हा पहिला प्रश्न असतो. एकीकडे गांवोगांवीं कचेऱ्या असलेली मोठी कंपनी, आणि दुसरीकडे गल्लीच्या तोंडाशीं दोन खुर्च्यांचें दुकान मांडून बसलेला ओळखीचा दलाल. आमच्या घरीं हा प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं आला. त्यांतून आम्ही जें शिकलों, तें आज वाचकांपुढें ठेवितों.

सदाशिव पेठेंतील आमचें घर आजोबांनीं स्वतःच्या कमाईनें घेतलेलें. ते मृत्युपत्र न करितां वारले. पुढें मिळकतपत्रिकेवर तिघां मुलांचीं नांवें लागलीं. विक्रीचें ठरल्यावर घरांतील तरुण मंडळींच्या आग्रहानें प्रथम एका मोठ्या कंपनीस बोलाविलें. तिचा प्रतिनिधि वेळेवर आला, अदबीनें बोलला, खोल्या मोजल्या, छायाचित्रें घेतलीं आणि तासाभरांत किंमतीचा अंदाजही सांगून गेला. आम्ही प्रभावित झालों, हें कबूल केलें पाहिजे. परंतु पुढील दोन महिन्यांत तीन निरनिराळे गृहस्थ आले. प्रत्येकानें तेच प्रश्न नव्यानें विचारले, आणि पूर्वींचे गृहस्थ कोठें गेले असें विचारतां, “त्यांची बदली झाली,” एवढेंच उत्तर मिळालें. कोणी अप्रामाणिक नव्हता. पण आमचें घर कोणाच्या लक्षांतही राहिलें नव्हतें.

अखेर आमच्या अण्णाकाकांनीं गल्लींतील दलालास निरोप पाठविला. हे गृहस्थ सत्तरीच्या घरांतले. त्यांनीं ना टेप काढली, ना छायाचित्र घेतलें. चहाचा पेला खालीं ठेवून त्यांनीं पहिला प्रश्न केला तो असा: “अण्णा, इंदूरच्या आत्याबाईंस विचारलेंत का?”

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग काका म्हणाले, “तिचें नांव पत्रिकेवर नाहीं.”

“पत्रिकेवर नसेल. पण घर तुमच्या वडिलांचें. आणि त्याही त्यांच्याच कन्या ना?”

कायदा अगदीं हाच आहे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यान्वयें, मृत्युपत्र न करितां वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच वांटा आहे. वडिलार्जित मिळकतींतही २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस जन्मतः समान हक्क मिळाला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याविषयींच्या शंका दूर केल्या. मिळकतपत्रिकेवर नांव असणें म्हणजे मालकी नव्हे, आणि नांव नसणें म्हणजे हक्क गेला असेंही नव्हे. हें आम्हां सुशिक्षितांस ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें, पण तें न आठवणें सोयीचें होतें.

आमच्यापैकीं एकानें सुचविलेंही कीं, आत्यास एक चांगलेंसें लुगडें आणि सोबत हक्कसोडपत्र पाठवावें. ती कांहीं नाहीं म्हणावयाची नाहीं. त्यावर ते वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. म्हणाले, “त्यांनीं समजून-उमजून सोडलें तर त्यांची मर्जी. पण न सांगतां सही घ्यावयाची असेल, तर हें काम मला नको. मला याच गल्लींत राहावयाचें आहे.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यांत आजच्या लेखाचें सर्व सार आलें, असें आम्हांस वाटतें. एवढ्या मोठ्या व्यवहाराची दलाली सोडावयास तो मनुष्य तयार झाला, तो केवळ साधुत्वामुळें नव्हे. त्याचें भांडवल म्हणजे त्याचें नांव, आणि तें नांव गल्लीच्या बाहेर कोणी ओळखत नाहीं. एका घरांत त्यानें दगा दिला, तर शेजारच्या दहा घरांचीं दारें त्यास बंद होतात. कंपनीच्या नोकरास महिन्याचा आंकडा गांठावयाचा असतो. तो आज येथें, उद्यां दुसऱ्या शहरांत. त्याचा स्वभाव चांगला असला, तरी त्याच्या नोकरीची घडणच अशी आहे कीं, आपल्या घरांतील भांडण त्याच्या वांट्यास येत नाहीं. तें मागें राहणाऱ्यांसच निस्तरावें लागतें.

दुसरी गोष्ट माहितीची. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या पेठांत पाणी कोठवर चढलें, किंवा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यानें कोणत्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, हें जुन्या स्थानिक मध्यस्थास तोंडपाठ असतें. कोणत्या वाड्यांत जुने भाडेकरी आहेत, कोठें उन्हाळ्यांत टँकर आणावा लागतो, कोणत्या इमारतीस भोगवटापत्रच मिळालेलें नाहीं, हेंही तो जाणतो. यांतील पुष्कळ गोष्टी कागदांवर कोठें ना कोठें असतात. परंतु कोणता कागद मागावा, हें सांगणारा मनुष्य लागतो.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेऊं नये कीं, गल्लींतला तेवढा सज्जन आणि कंपनी तेवढी लबाड. परदेशीं राहणाऱ्या मुलास तेथूनच घर घ्यावयाचें असेल, किंवा परक्या शहरांत कोणाची ओळख नसेल, तर कंपनीची शिस्त व लेखी पद्धति उपयोगी पडते. उलट स्थानिक दलालांतही दोष आहेतच. तोंडी बोलणीं, दोन्ही पक्षांकडून दलाली घेऊन ती एकमेकांपासून लपविणें आणि रोख रकमेचा आग्रह, हे त्यांतले मुख्य. म्हणून विश्वास ठेवावा, पण तो कागदाच्या जागीं ठेवूं नये.

त्यासाठीं चार गोष्टी अवश्य पाळाव्या. नवी सदनिका घ्यावयाची असेल, तर मध्यस्थाचा महारेरा नोंदणीक्रमांक मागावा. महाराष्ट्रांत २०१७ पासून नोंदलेल्या प्रकल्पांतील घरें विकणाऱ्या मध्यस्थास ही नोंदणी सक्तीची आहे. जुन्या घराच्या विक्रीस ती सक्ती लागू होत नाहीं; म्हणून तेथें लेखी करार अधिकच हवा. दलाली किती, कोणी द्यावयाची, केव्हां द्यावयाची आणि दुसऱ्या पक्षाकडूनही ती घेतली जाणार काय, हें त्यांत स्पष्ट असावें. दुसरें, मूळ कागद कोणाच्याही हातीं देऊं नयेत, प्रती द्याव्या. तिसरें, मालकीचा शोध आपल्या स्वतःच्या वकिलाकडून घ्यावा, दलालानें सुचविलेल्या नव्हे. चौथें, इसार बँकेमार्फतच घ्यावा. स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीनें आगाऊ घेण्यास आयकराच्या कायद्यानें मनाई आहे. जो मध्यस्थ या चार गोष्टींनीं रागावेल, तो कितीही ओळखीचा असो, त्यास दुरूनच नमस्कार करावा.

आमच्या घराचें पुढें काय झालें, हें सांगणें उरलें. अण्णाकाकांनीं बहिणीस पत्र लिहिलें. त्यांत सर्व कांहीं उघड लिहिलें. आत्या इंदुराहून आली, कागद वाचले आणि आपला चौथा हिस्सा तिनें मागितला. एक-दोघांचीं तोंडें उतरलीं, हें खोटें कशास सांगावें? पण इसार घेण्यापूर्वींच हा प्रश्न सुटल्यामुळें व्यवहार अडला नाहीं. खरेदीदाराच्या वकिलानें हाच दोष पुढें काढला असता, तर इसारही परत करावा लागता आणि बहीण-भावांचें बोलणेंही कायमचें तुटतें.

विक्रीनंतरच्या पहिल्या भाऊबिजेस आत्या अण्णाकाकांच्या नव्या घरीं आली होती. वाड्याच्या किंमतींत थोडेंफार कमीअधिक झालें असेल. त्याचा हिशेब आतां कोणी काढीत नाहीं. घर विकतांना वाचकांनीं मध्यस्थास किंमत जरूर विचारावी. पण त्याआधीं तो स्वतः आपणांस काय विचारतो, तें ऐकून घ्यावें.